तीन पिंपं शिंपले

आमच्या पंपहाउसच्या लॉगबुकात माझ्या अक्षरातली एक नोंद होती. 'कंडेन्सर नं. 2. इनलेट वॉटर बॉक्स उघडला. शिंपले काढले, तीन पिंपं. बॉक्स बंद.' नोव्हेंबर 1984. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, खाडीचं पाणी घेणाऱ्या एका कारखान्यात मी तेव्हा शिफ्ट इंजिनिअर होतो. पार्ल्याहून पहाटे निघायचं, हायवेवर कंपनीची बस धरायची, चेंबूरपर्यंत एक डुलकी काढायची आणि सातला गेटच्या आत. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी अशा हजारो नोंदी केल्या असतील. त्यांतली ही एक अजून सलते, कारण तिच्यात एक गोष्ट लिहायची राहिली.

त्या दिवशी मॅनहोलचं झाकण काढल्यावर आधी वास आला. ज्यांनी समुद्राच्या पाण्यावरचा कंडेन्सर उघडला आहे त्यांना तो वास सांगावा लागत नाही. मच्छीबाजार बंद करून दोन दिवस उन्हात ठेवला तर जे होईल ते. आत बॅटरी मारली तर भिंतींवर घोंगडी अंथरल्यासारखा थर. आमचे फिटर ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातले होते, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. ते खरवडणी घेऊन आत शिरले आणि थोड्या वेळाने मूठभर शिंपल्या घेऊन बाहेर आले. बोटाच्या पेराएवढ्या, मळकट काळ्या, एकमेकींना धाग्यांनी बांधलेल्या.

"साहेब, ही आपल्याकडची नाय," मामा म्हणाले. "मी लहानपणापासून खाडीत उतरतोय. ही कधी बघितली नाय." मग नखाने एक शिंपली उघडून त्यांनी मला तिच्या चोचीची आतली बाजू दाखवली. "हे बघा, आत फळी हाय. आपल्या शिंपलीला फळी नसते."

मी पाहिलं. संध्याकाळपर्यंत युनिट चालू करायचं होतं. "मामा, शिंपला तो शिंपला, पिंपात टाका," असं म्हणून मी पुढच्या कामाला लागलो. तिन्ही पिंपं कचऱ्याच्या गाडीतून गेली.

*

हे का घडतं, ते आधी सांगायला हवं. वीज केंद्र असो, खताचा कारखाना असो की रिफायनरी, वापरून झालेली वाफ थंड करायला पाणी लागतं आणि तेही अफाट. समुद्रकाठच्या कारखान्याला ते फुकट मिळतं. कालव्यातून पाणी आत येतं, लोखंडी गजांच्या जाळीत फांद्या, गोणपाटं आणि हल्ली प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात, पुढे फिरत्या जाळीवर मासे आणि बारीकसारीक कचरा अडतो, मग पंप, मग कंडेन्सरच्या हजारो बारीक नळ्या. फिरत्या जाळीची भोकं साधारण सेंटिमीटरभराची. शिंपल्याची अळी मात्र मिलिमीटरचाही काही भाग. ती पाण्याबरोबर सगळी तपासणी ओलांडून आत जाते.

आत गेली की तिला स्वर्ग सापडतो. पाणी सतत वाहतं, म्हणजे अन्न आपल्या पायाने चालत येतं. अंधार असतो, ओहोटीला उघडं पडायचं भय नसतं, खाणारा खेकडा किंवा मासा नसतो. अळी भिंतीला धागे लावून बसते आणि वाढू लागते. मेलेल्या शिंपल्या सुटतात, वाहत जातात आणि नळीच्या तोंडाशी बुचासारख्या बसतात. मग वाफ नीट थंड होत नाही, व्हॅक्यूम उतरतं, तेवढ्याच कोळशात वीज कमी निघते आणि शिफ्ट इंजिनिअरला फोन येतो.

यावरचं औषध म्हणजे क्लोरिन. आमच्याकडे एका शिफ्टला अर्धा तास डोस द्यायचा रिवाज होता. कागदावर हिशेब चोख होता आणि क्लोरिनचीही बचत होती. शिंपल्याने मात्र तो हिशेब वाचला नव्हता. पाण्यात काही तिखट आलं की तो दोन्ही शिंपा मिटून घेतो आणि आतल्या आत तग धरतो. तासच काय, वेळ पडली तर काही दिवसही. आमचा अर्धा तास संपला की दार उघडून पुन्हा जेवायला बसतो. शेवाळ आणि चिकट साय मारायला अर्धा तास पुरतो. शिंपल्यांसाठी थोडा पण अखंड डोस द्यावा लागतो, म्हणजे दार कायम लावून बसणं त्यांना परवडत नाही आणि नवी अळी बसतच नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नेदरलँड्समध्ये त्याच्याही पुढची युक्ती निघाली. डोस संपल्यावर शिंपला नीट दार उघडायला काही मिनिटं घेतो, तर त्याने पुरतं उघडायच्या आत पुढचा डोस द्यायचा. क्लोरिन कमी लागतो आणि शिंपला थकून मरतो. आम्हाला हे कळलं तेव्हा माझे केस पिकले होते.

पण नळीतून गेलेला क्लोरिन कुठे जातो? खाडीत. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असतं. क्लोरिन त्याच्याशी क्षणात अभिक्रिया करतो आणि शेवटी ब्रोमोफॉर्मसारखी संयुगं उरतात. म्हणून आपल्याकडे औष्णिक केंद्रांच्या कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मोकळा क्लोरिन लिटरला 0.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादा आहे. एकदा आउटफॉलपाशी उभं असताना मामा म्हणाले होते, "तुमची नळी साफ राहते, साहेब. आमची जाळी पण साफच येते." ते हसले होते. मीही हसलो होतो.

*

ही लढाई वीज केंद्रांपेक्षा फार जुनी आहे आणि तिचा एक मोठा अध्याय मुंबईतच घडला. 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने इथे सागवानी जहाजं बांधली. सागवान टिकाऊ खरा, पण उष्ण समुद्रात लाकडाला दोन शत्रू: आतून पोखरणारा जहाजकिडा आणि बाहेरून चिकटणारी शिंपल्या-बार्नेकलची वस्ती. उपाय होता तळाला तांब्याचे पत्रे ठोकायचा. ब्रिटिश नौदलाने 1780 च्या सुमारास तो सरसकट स्वीकारला. मुंबईत 1817 मध्ये पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत उभं आहे.

तांबं का चालतं, हे एका फसलेल्या प्रयोगातून कळलं. पत्रे झिजतात म्हणून नौदलाने सर हम्फ्री डेव्हींना साकडं घातलं. 1824 मध्ये डेव्हींनी तोडगा काढला: तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडा, ते झिजतील आणि तांबं वाचेल. तांबं खरंच वाचलं. पण त्या वाचलेल्या तांब्यावर शिंपल्या आणि बार्नेकल इतके माजले की जहाजं जड झाली आणि उपाय काढून टाकावा लागला. तांब्याचा धाक होता तो त्याच्या विरघळण्यात. झीज थांबवली की विषही थांबलं.

हे वाचलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. आमच्या वॉटर बॉक्समध्ये गंज लागू नये म्हणून आम्ही नेमके तसेच बळीचे तुकडे बसवायचो आणि तांब्याच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर एवढं का वाढतं, म्हणून क्लोरिनवाल्याशी भांडायचो. दीडशे वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवलं होतं.

तांब्यानंतर कथिलाची पाळी आली. 1970 च्या दशकात ट्रायब्युटिल टिन घातलेले रंग जहाजांना लागू लागले. वर्षानुवर्षं तळ स्वच्छ! मग फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरात कालवांची शेती बसली, शिंपा वेड्यावाकड्या जाड होऊ लागल्या, आणि जगभर समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. फ्रान्सने 1982 मध्ये बंधनं घातली. जागतिक करार व्हायला 2001 उजाडलं आणि तो अंमलात यायला 2008. या सगळ्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: विष ज्याच्या मालकीच्या पत्र्याला लागतं त्याला फायदा लगेच कळतो, ते ज्याच्या पाण्यात जातं त्याला तोटा उशिरा कळतो आणि दोघांची गाठ क्वचित पडते.

*

निवृत्तीनंतर माणूस काहीही वाचतो. 2017 च्या सप्टेंबरात जहाजांच्या बॅलास्ट पाण्याचा जागतिक करार लागू झाल्याची बातमी आली. रिकामं जहाज स्थिर राहावं म्हणून पोटात समुद्राचं पाणी भरून घेतं आणि माल चढवताना ते दुसऱ्या बंदरात ओततं. त्या पाण्याबरोबर अळ्याही परदेशी जातात. 2004 मध्ये झालेला करार तेरा वर्षांनी लागू झाला होता. त्या बातमीचा धागा धरून वाचत गेलो आणि एका नावापाशी थांबलो: मायटिलॉप्सिस सॅलेई.

ही शिंपली मूळची कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोच्या आखाताकडची. शास्त्रात तिची नोंद 1849 ची. एकोणिसावं शतक संपायच्या आत ती फिजीत पोचली होती. 1967 मध्ये ती विशाखापट्टणमच्या बंदरात सापडली. आणि 1975 मध्ये, मुंबईतल्या नौदलाच्या प्रयोगशाळेतले कारंडे आणि मेनन यांनी कोचीन विद्यापीठाच्या सागरविज्ञान विभागाच्या बुलेटिनात एक निबंध छापला. विषय होता भारतीय बंदरांत नव्याने आलेली ही स्थलांतरित शिंपली. तोवर ती मुंबईच्या गोदीतही आली होती.

मी वर्णन वाचत गेलो. लांबी दोन-तीन सेंटिमीटर. रंग मळकट, काळपट. धाग्यांनी एकमेकींना बांधून घोस करते. महिन्याभरात वयात येते, एक मादी हजारोंनी अंडी घालते. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्रापेक्षा खारट पाण्यापर्यंत कुठेही जगते, म्हणजे पावसाळ्यात गोडी होणारी आपली खाडी तिला आंदणच. आणि ओळखायची खूण? शिंपलीच्या चोचीच्या आत एक लहानसं पटल असतं. फळीसारखं.

मी लॅपटॉप मिटला. हिला विचारलं, "आपल्याकडे चहा आहे का?" ती म्हणाली, "समोर ठेवलाय, दहा मिनिटं झाली."

एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. तसलं पटल असलेली इतरही शिंपली असते, आणि माझी आठवण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. पण तपासायला तेवढं कारण पुरेसं होतं. निबंध छापून नऊ वर्षं झाली होती. प्रयोगशाळा फोर्टात गोदीजवळ होती. ते लांब वाटलं असतं तर वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था 1961 पासून होती. माझ्या पार्ल्याच्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत. एक बरणी, थोडं स्पिरिट आणि एक रविवार. मी त्या पिंपांतली एक शिंपलीही ठेवली नाही.

*

ठेवली असती तर काय झालं असतं? याचं उत्तर मला ऑस्ट्रेलियातल्या डार्विनने दिलं.

सप्टेंबर 1998 मध्ये तिथल्या नौकाबंदरांत पाणबुड्यांनी पाहणी केली तेव्हा ही शिंपली नव्हती. मार्च 1999 च्या अखेरीस पुन्हा उतरले तर कलन बे मरीनामध्ये चौरस मीटरला वीस हजारांहून अधिक शिंपल्या. सहा महिन्यांत एवढा संसार! डार्विनला भरती-ओहोटीत सात-आठ मीटरचा फरक पडतो, म्हणून या नौकाबंदरांना पाणी अडवणारे दरवाजे आहेत. सरकारने ते लावून घेतले. तीन बंदरं बंद करून त्यांत ब्लीच आणि मोरचूद ओतला, तिथून बाहेर गेलेली प्रत्येक नौका शोधून काढून तपासली, आणि महिन्याभरात शिंपली संपवली. खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक. आतले मासेही मेले, कोणी ते लपवलं नाही. समुद्रात बस्तान बसवलेला परका जीव मुळापासून उखडल्याची ही दुर्मीळ घटना. तिला तीन गोष्टी कारणीभूत होत्या: कोणीतरी ठरवून बघायला उतरलं, सहा महिन्यांपूर्वी काय नव्हतं याची नोंद होती आणि दाराला कडी होती.

दरवाजे मुंबईच्या बंद गोद्यांनाही आहेत; इथेही पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. आपल्याकडे ते जमलं असतं असा दावा मी करत नाही. शिंपली गोदीबाहेर पडली की दरवाजे लावून उपयोग नसतो. पण डार्विनला तो प्रश्न विचारायची संधी तरी मिळाली.

न विचारण्याची किंमत काय, ते अमेरिकेला कळलं होतं. आपल्या पाहुणीची चुलत बहीण, झेब्रा शिंपली, 1988 मध्ये उत्तर अमेरिकेच्या सरोवरांत सापडली. दुसऱ्याच वर्षी मिशिगनमधल्या मन्रो गावाचा पाणीपुरवठा तिने नळ बुजवून दोन-तीन दिवस बंद पाडला. आता तिथल्या पंपहाउसांच्या अंदाजपत्रकात तिच्यावरचा खर्च कायमचा.

1999 सालाची आणखी एक गंमत आहे. डार्विनमध्ये कॅरिबियन पाहुणी सापडली त्याच वर्षी फ्लोरिडात टॅम्पाच्या एका वीज केंद्रात इनटेकचा बोगदा साफ करणाऱ्या पाणबुड्यांना एक परकी हिरवी शिंपली मिळाली. ती आपली. गोवा-कारवारकडे जिला शिनाणे म्हणतात आणि तिखट-नारळाचा मसाला लावून खातात, ती. तिकडे ती आक्रमक प्रजाती.

हीच हिरवी शिंपली आपल्या कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्रालाही छळते. तिथे समुद्राचं पाणी 468 मीटर लांबीच्या बोगद्यातून येतं आणि त्या बोगद्याच्या भिंतींवर शेकडो टन वस्ती झाल्याचा अंदाज अभ्यासकांनी मांडला होता. तिथे ती परकी नाही, घरचीच आहे. म्हणजे नळीच्या मालकाला घरचा काय आणि परका काय, सारखाच? मी नोकरीत होतो तोवर माझं उत्तर 'हो' असतं. 'शिंपला तो शिंपला' म्हणजे तेच.

आता मला तसं वाटत नाही. घरच्या शिंपलीला नळीबाहेर खेकडे आहेत, मासे आहेत, कोयती घेऊन ओहोटीला खडकावर उतरणाऱ्या बाया आहेत. तिला दारातच रोखायचा प्रश्न नसतो. ती दाराच्या आतलीच. परकी मात्र एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट जहाजाबरोबर येते. त्यानंतरचे थोडे महिने ती थोडी असते, एका जागी असते. तेवढ्या काळात तिला कोणी पाहिलं तर तो एक प्रसंग ठरतो. नाही पाहिलं तर ती दरवर्षीचा खर्च ठरते, आणि तो खर्च क्लोरिनच्या रूपाने खाडीत जातो. नियंत्रण हा शब्द आम्ही इंजिनिअर लोक पंपहाउसपासून सुरू करतो. तिथे पोचेपर्यंत खरी वेळ टळून गेलेली असते.

मुंबईत पाहायची सुरुवात झाली ती 2000 नंतर. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बॅलास्ट पाण्याच्या प्रकल्पासाठी जगातली सहा बंदरं निवडली, त्यांत मुंबई होतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी आपल्या बंदराची जीवगणती केली: धक्क्यावर काय, चिखलात काय, पाण्यात काय. 'आधी काय होतं' याचा पाया घालायचं ते काम. कॅरिबियन पाहुणी सापडून तोवर पंचवीसेक वर्षं झाली होती.

*

पवई तलावात जलपर्णी माजली की पेपरात फोटो येतो. 1890 मध्ये बांधलेल्या त्या तलावाचं पाणी पिण्याजोगं नाही, उद्योगांसाठी वापरतात. तरीही हिरवा गालिचा दिसला की लोक महापालिकेला धारेवर धरतात आणि यंत्रं येतात. आमच्या विमानतळामागून वाहणाऱ्या मिठीतही तिचे पुंजके तरंगताना दिसतात. ती दिसते, म्हणून तिच्यासाठी कोणीतरी भांडतं. नळीतल्या शिंपलीसाठी भांडायला नळी उघडणारा माणूसच लागतो, आणि त्याला काय दिसलं ते लिहिणारा दुसरा.

मामांना मी शेवटचं भेटलो ते त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. फोन नव्हता, पत्ता 'ट्रॉम्बे कोळीवाडा' एवढाच. 2017 मध्ये तो निबंध वाचल्यावर मी एकदा तिकडे गेलो. जेट्टीवर बसलेल्या एका मुलाने सांगितलं, "आजोबा वारले, बरीच वर्षं झाली." तो त्यांचा नातू निघाला. मी का आलो ते त्याला सांगितलं: तुझ्या आजोबांनी एकदा एक शिंपली ओळखली होती, ती लिहून ठेवायला हवी होती, मी ठेवली नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काळी बारीक ना, गुच्छ करून बसते ती? ती आता आमच्या होडीच्या बुडाला पण असते कधी कधी."

मी त्याच्याकडून चार शिंपल्या मागून घेतल्या. खिशातल्या रुमालात बांधून पार्ल्याला आणल्या आणि पहिल्यांदा एक उघडून चोचीच्या आत भिंगाने पाहिलं. मग बरणीत स्पिरिट ओतलं, चिठ्ठीवर जागा, तारीख आणि त्या मुलाचं नाव लिहिलं आणि सोमवारी रिक्षा करून वर्सोव्याला गेलो.